नोर्डस्टरवरची सतरा माणसे

मारिटने पान तिसऱ्यांदा उघडले. तरी तेच. ‘नोर्डस्टर. शेवटची सफर, नोव्हेंबर १९६९. खलाशी : १७.’ आणि त्याखाली, एकाखाली एक, पाच नावे.

सत्तर फुटी मासेमारी जहाज ते. झोपायच्या फळ्या सहा. सतरा माणसे त्यात नीट उभीही राहिली नसती.

“काय गं, रुसलं का यंत्र?” खिडकीशी बसलेल्या लुब्बर्टने मान वर न करता विचारले.

“यंत्र नाही, मीच कुठेतरी चुकलेय. मोजता येत नाहीये मला.”

“मग बोटं वापर. आम्ही तीच वापरायचो.”

मारिट हसली, आणि पुन्हा कोडकडे वळली.

समुद्राकाठच्या ओस्टरझाइल गावातल्या जुन्या लिलावघरात, जिथे एके काळी रोज सकाळी माशांची बोली लागायची, तिथे आता बंदराचे छोटेसे संग्रहालय होते. खाली होड्यांच्या प्रतिकृती, कंदील, जाळी. वर नोंदींची खोली. लुब्बर्ट वीरमा गेली बारा वर्षे त्या खोलीत बसत आला होता. चर्चच्या वह्या, जहाजमालकांची बाडे, म्हाताऱ्यांच्या आठवणी, मिळेल तिथून माहिती काढून गावातले प्रत्येक जहाज, प्रत्येक सफर आणि प्रत्येक खलाशी त्याने दोन बोटांनी टाइप करून कॉम्प्युटरमध्ये भरला होता. वय सत्त्याहत्तर. पगार नाही, सुट्टी नाही. सगळे गाव त्याला लुब्बर्टकाका म्हणे, म्हणून बाहेरून आलेली मारिटही म्हणू लागली होती.

ती लेउवार्डन शहरातून आठवड्यातून दोनदा बसने यायची. बारा वर्षांपूर्वी कोणीतरी बांधून दिलेली संग्रहालयाची वेबसाइट आता अखेरचे श्वास घेत होती. तिच्यातले सगळे नव्या घरात हलवायचे, हे मारिटचे काम. साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी राहते ते फ्रेमवर्क तेच होते, फक्त जुने बारा वर्षांचे. या कामातला तिचा आवडता भाग म्हणजे नाती लिहिणे. एका जहाजाच्या अनेक सफरी. एका सफरीवर अनेक माणसे. आणि एक माणूस आज या सफरीवर, उद्या दुसऱ्या, म्हणून मध्ये एक जोडतक्ता, कोणत्या सफरीवर कोण एवढेच सांगणारा. ही नाती एकदा नीट लिहून ठेवली की पुढे बोलल्यासारखे विचारता यायचे : या जहाजाची शेवटची सफर दे, तिच्यावरची माणसे दे. आणि ती यायची.

चारशे बारा जहाजांची पाने बरोबर उघडत होती. हे एकच अडले होते.

चूक सापडायला तिला अर्धा तास लागला. माणूस काढून टाका म्हटले की हे फ्रेमवर्क ती ओळ पुसत नसे. ओळीच्या शेवटी ‘काढल्याची तारीख’ लिहून ठेवी, आणि त्यानंतर कोणी काहीही विचारले तरी ती ओळ जगात नाहीच असे वागे. नावे मागितली की पाच. पण मारिटच्या मोजणीने माणसांकडे पाहिलेच नव्हते. तिने थेट जोडतक्त्यातल्या ओळी मोजल्या होत्या, आणि जोडतक्त्याला कोणाला काढले, केव्हा काढले, यातले काही ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी सगळे अजून जहाजावर होते.

तिने प्रश्न बदलला. या सफरीवरची माणसे दे. काढलेलीही दे.

आधी ती पाच आली. मग खाली बारा. मारिटने मान पुढे केली. बाराही ओळींत एकच नाव होते.

मेइंडर्ट रोमकेस. मेइंडर्ट रोमकेस. मेइंडर्ट रोमकेस.

जन्मसाल नाही, हुद्दा नाही, पत्ता नाही. फक्त नाव, आणि नोर्डस्टरच्या शेवटच्या सफरीशी जोडणी. टाकल्याची तारीख बारा नोव्हेंबर, सकाळी दहा ते साडेदहाच्या मध्ये. काढल्याची तारीख तीच, अकराच्या पुढेमागे. दरवर्षी एक. साथीच्या वर्षी संग्रहालयाला कुलूप होते, तरीही एक. दोनच वर्षी तारीख तेरा होती. मारिटने कॅलेंडर उघडले. त्या दोन्ही वर्षी बारा तारखेला रविवार होता, आणि रविवारी या गावात चर्चखेरीज कशाचेही दार उघडत नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. मोजताना काढलेली माणसे वगळ. तिने ती लिहिली, पान उघडले. ‘खलाशी : ५’. बरोबर. तिने थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहिले आणि लिहिलेली ओळ पुन्हा खोडून टाकली. का, ते तिला सांगता आले नसते. आज अकरा नोव्हेंबर होती, एवढे मात्र तिच्या ध्यानात आले.

“कॉफी!” खालून हाक आली.

तिकिटांच्या खिडकीमागे हिल्का मसाल्याच्या केकच्या कापांना लोणी लावत होती. अठ्ठावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची, आखूड कापलेल्या केसांची बाई. तिकिटे, झाडलोट, फुलदाण्या, किल्ल्या, सगळे तिच्याकडे. वर मात्र ती कधी येत नसे. गुडघे दुखतात म्हणे.

“खा गं,” तिने मारिटपुढे बशी सरकवली. “शहरात लोणी तुम्हाला नुसतं दाखवतात. वीरमा, साखर तुझ्याच हाताशी आहे.”

सगळ्या गावात ती एकटीच त्याला काका म्हणत नसे.

मारिटची नजर तिच्या स्वेटरवरच्या बिल्ल्याकडे गेली. ‘हि. रोमकेस.’ सहा आठवडे तो बिल्ला तिच्या डोळ्यांसमोर होता.

“रोमकेस बरेच आहेत का इथे?”

“होते. आता मी एकटी. लग्न केलं नाही, त्यामुळे नाव टिकलं.”

“आणि मेइंडर्ट कोण?” शब्द तोंडातून निघून गेला.

हिल्काची सुरी थांबली नाही. लोणी कापाच्या कडेपर्यंत सारखे पसरले, मगच तिने मान वर केली.

“माझे वडील. कॅनडाला गेले. मी तीन वर्षांची होते.”

“परत नाही आले?”

“पत्रसुद्धा नाही. शनिवारी आईशी भांडले, सोमवारी घरात नव्हते. त्यांचा भाऊ तिकडे होता. गाव म्हणालं बायकोपोरीला टाकून गेला, म्हणजे गेलाच. शाळेत पोरं मला कॅनडा म्हणूनच हाक मारायची.” तिने तो काप लुब्बर्टपुढे ठेवला. “घे, वीरमा. तू ओळखायचास ना त्यांना?”

“शेजारीच राहायचो,” लुब्बर्ट म्हणाला.

त्याने कप खाली ठेवला. अर्धी कॉफी तशीच होती. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तो वर गेला.

मारिट वर आली तेव्हा तो खिडकीशी नव्हता. तिच्या पडद्यासमोर उभा होता. बारा ओळी तशाच उघड्या होत्या.

“हे दिसतं?” त्याने विचारले.

“काढलेलं जात नाही, काका. आत राहतं. फक्त दाखवत नाही.”

“म्हणजे सगळे आहेत? पहिल्या वर्षापासूनचे?”

“बारा आहेत. मी विचारणारच होते तुम्हाला. दरवर्षी हे नाव टाकता आणि तासाभरात काढता. का?”

लुब्बर्टने चष्मा उतरवला. त्याच्या नाकावर चष्म्याचे दोन लालसर खड्डे उमटले होते.

“मी टाकत नाही,” तो म्हणाला. “मी फक्त काढतो.”

भिंतीलगतच्या हीटरमधून पाणी खुळखुळत गेले.

“बारा तारखेला दहा वाजता मी दगडाशी जातो,” तो सांगू लागला. धक्क्यावर बुडालेल्यांचा दगड होता. त्यावर नोर्डस्टरचीही पाच नावे होती. “फुलं ठेवतो, पाच नावं मोठ्यानं वाचतो. त्या जहाजाचं कोणी उरलं नाही, म्हणून ते माझ्याकडे आलंय. अकराला परत येतो. तर पडद्यावर हा असतो. पहिल्या वर्षी वाटलं, म्हातारपण. मीच कधीतरी लिहिलं असेल. दुसऱ्या वर्षी यंत्र बंद करून गेलो. आलो तर चालू. नाव होतंच. साथीच्या वर्षी इथे चिटपाखरू नव्हतं. दाराला कुलूप मी स्वतः लावलं, स्वतः उघडलं. तरी होतं.”

“किल्ली अजून कोणाकडे असते?”

“असेल कोणाकडे. खाली खिळ्याला एक असते.”

“काका, बारा तारखेला रविवार आला त्या वर्षी हे सोमवारी आलंय. भुतं रविवार पाळत नाहीत.”

“तो पाळायचा,” लुब्बर्ट म्हणाला. तो हसला नव्हता.

मग तो तिच्या खुर्चीत बसला, आणि हात मांड्यांखाली घालून, शाळेतल्या मुलासारखा, पडद्याकडे पाहत बोलू लागला.

नोर्डस्टरवर माणसे सहा असायची. सहावा लुब्बर्ट. बावीस वर्षांचा. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी, दोन प्रार्थनांच्या मधल्या वेळात, तो बापाच्या कोठारात एकटा बसून प्याला. रविवारी, या गावात. सोमवारी पहाटे मेइंडर्ट त्याला उठवायला आला. नेहमीच यायचा. मुलगी झाल्यावर मेइंडर्टने समुद्र सोडला होता. बायकोला तसा शब्द दिला होता, आणि तेव्हापासून तो धक्क्यावर जाळी विणायचा. लुब्बर्टला दोन पायांवर उभे राहता येईना. मेइंडर्टने त्याच्याकडे पाहिले, बादली त्याच्या उशाशी आणून ठेवली आणि म्हणाला, झोप. मी जातो. चार दिवसांचाच प्रश्न आहे, आणि घरात तसंही कोणी माझ्याशी बोलत नाहीये.

“धुकं होतं. त्याला जाताना कोणी पाहिलं नाही. बुधवारी वादळ झालं. गुरुवारी रेडिओवर आलं की जहाज लागत नाही. फळकूटसुद्धा मिळालं नाही. मला बघून लोक म्हणाले, देवानं राखलं. मी म्हणालो, ताप होता, ते पाचच जण गेले. त्या दिवशी मला एवढीच भीती होती की प्यायलेलं कळेल. एवढीच. त्या दिवशी, मारिट, मला बाकी काही दिसतच नव्हतं. उद्या सांगू म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, मेइंडर्टही दिसत नाही, कॅनडाला पळाला वाटतं. आणि ते सगळ्यांना पटलं. झालं ते एवढंच.”

“त्याची बायको?”

“ती आली होती माझ्याकडे. धक्क्यावर. पोर कडेवर होती. म्हणाली, लुब्बर्ट, तो त्यांच्याबरोबर गेला का? बाकी कोणी काही विचारलं नाही, ना तेव्हा, ना नंतर. तिनं एकटीनं विचारलं, आणि मी नाही म्हणालो.”

बाहेर सीगल पक्षी ओरडत होते. मारिटने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला.

“हिल्काला ठाऊक असेल?”

“तिला कसं असेल?” तो घाईने म्हणाला. “ती वर येतच नाही. तिला कॉम्प्युटर जमत नाही. स्वतःच सांगते ती.” मग जरा वेळाने, तिच्याकडे न बघता, “मेलेल्याची भीती सोसता येते गं. तो नुसतं नाव लिहितो. जिवंत माणूस तोंड उघडून विचारतो.”

दुसरा दिवस मारिटचा कामाचा नव्हता. तरी ती सकाळच्या बसने आली. रात्री तिला झोप नीट लागली नव्हती. डोळे मिटले की जोडतक्त्यातल्या त्या ओळी दिसत, एकीखाली एक, दरवर्षी एक वाढणाऱ्या. उद्या अठरा. जहाज भरतच चालले होते आणि किनाऱ्याला लागत नव्हते.

लुब्बर्ट काळा कोट घालून तयार होता. तिला पाहून त्याने नुसती मान हलवली. यंत्र त्याने बंद केले, दाराला कुलूप लावले नाही, आणि पांढऱ्या फुलांची जुडी घेऊन तो दहाला पाच कमी असताना बाहेर पडला. मारिट कोपऱ्यातल्या टेबलाशी, कागदाच्या खोक्यांआड बसून राहिली. ती लपली नव्हती. पण ती तिथे आहे असे तिने कोणाला सांगितलेही नव्हते.

सव्वादहाला जिना वाजला. पावले जड होती, पण थांबत थांबत येणारी नव्हती. गुडघ्यांचा काही त्रास असावा असे वाटले नाही.

हिल्का आत आली. एप्रनला हात पुसले, लुब्बर्टची खुर्ची ओढली, यंत्र सुरू केले. ते उजळेपर्यंत ती खिडकीबाहेर धक्क्याकडे बघत राहिली. मग तिची दहाही बोटे कळांवरून सराईतपणे फिरली. नव्या माणसाची नोंद. नाव. सफर जोडा. जतन करा.

“खोकल्याची गोळी देऊ का?” मागे न वळता ती म्हणाली. “मघापासून श्वास रोखून बसलीयेस.”

मारिट उभी राहिली. “मला वाटलं, तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही.”

“बावीस वर्षं नगरपालिकेत टायपिस्ट होते मी. त्यानं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.” ती खुर्चीतच वळली. “काल तू माझ्या वडलांचं नाव घेतलंस तेव्हाच कळलं, तुला सापडलं म्हणून. त्यानं सांगितलं तुला?”

मारिटची नजर पडद्यावरच्या नावाकडे गेली. तेच उत्तर ठरले.

“म्हणजे सांगता येतं त्याला,” हिल्का म्हणाली. “आई गेली त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, त्यांचे समुद्रावरचे बूट त्या सोमवारी खिळ्यावर नव्हते. कॅनडाला कोणी ते बूट घालून जात नाही. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण यादीत नाव नाही, पाहिलेलं कोणी नाही. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं, नवरा टाकून गेला हे मान्य करायला जड जातं बाई, आम्ही समजू शकतो. एकच माणूस साक्ष देऊ शकला असता. त्याला तिनं विचारलं.”

“आणि तुम्ही?”

“मी त्याला विचारणार नाही. आईनं एकदा विचारलंय. त्याचं खरं उत्तर अजून यायचंय.” तिने पडद्यावरच्या नावाकडे बोट केले. “ती गेली त्या वर्षी मी इथे आले. वर्षातून एकदा हे त्याच्यापुढे ठेवते आणि खाली जाऊन कॉफी करते. तो काढतो. काढतो म्हणजे वाचतो तरी, एवढं मला कळतं. मग आम्ही केक खातो.”

“बारा वर्षं?”

“आईनं त्रेचाळीस काढली.”

मारिटला अचानक काहीतरी करावेसे वाटले. “नव्या साइटमध्ये मी ते बटणच काढून टाकू शकते,” ती म्हणाली. “एकदा टाकलेलं नाव मग कोणालाही काढता येणार नाही.”

“नको,” हिल्का म्हणाली. “बटण राहू दे. काढता येत असताना त्यानं काढलं नाही पाहिजे.”

बोलण्याच्या नादात दोघींनाही वेळेचे भान राहिले नव्हते. जिना पुन्हा वाजला, तेव्हा हिल्का उठायला लागली, आणि मग उठली नाही.

लुब्बर्ट दाराशी आला. कोटावर पावसाचे थेंब होते, हातात टोपी. त्याने आपल्या खुर्चीत बसलेल्या हिल्काकडे पाहिले, तिच्या मागच्या उजळलेल्या पडद्याकडे पाहिले, आणि दाराची चौकट धरली.

“तू,” तो म्हणाला.

“मीच. दुसरं कोण येणार होतं, वीरमा?”

बाहेर एक ट्रक मागे येत होता. त्याची पिपाणी वाजत राहिली आणि थांबली. लुब्बर्ट टेबलापर्यंत चालत आला. त्याचा हात सवयीने माऊसवर गेला. बाण सरकत सरकत नावाशेजारच्या लाल खुणेवर जाऊन थांबला. हिल्का त्याच्या हाताकडे बघत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मारिटला वाटले, आता काढेल. तेरावे.

“पोरी,” लुब्बर्ट मारिटला म्हणाला. “माणसाला सफरीशी जोडता येतं. माणसाला माणसाशी जोडता येतं का?”

“येतं. दोघं एकाच तक्त्यातले असले तरी येतं,” मारिट म्हणाली. “पण नात्याला नाव द्यावं लागतं. त्याशिवाय पुढे विचारता येत नाही.”

“कसलंही नाव चालतं?”

“तुम्ही द्याल ते.”

“‘च्या जागी’,” तो म्हणाला.

“कोण कोणाच्या जागी?”

माऊसवरचा हात उचलून त्याने पडद्याला लावला. “हा,” तो म्हणाला. “हा माझ्या जागी.”

हिल्काने डोळे मिटले. खुर्चीच्या हातांवर तिची पकड घट्ट झाली.

मारिट कोपऱ्यात आपल्या यंत्राशी गेली. माणसांच्या तक्त्यात तिने एक नवा रकाना घातला, कोडमध्ये चार ओळी लिहिल्या : हा माणूस ज्याच्या जागी गेला, तो माणूस. मग मेइंडर्ट रोमकेसची जुन्या साइटवरची नोंद नव्या साइटवर आणून तिने त्याचे पान उघडले. नावाखाली एक नवी चौकट आली. तिच्यात तिने वीरमा असे लिहून शोधले. वीरमा नावाची नऊ माणसे आली. सतराशे अठ्ठ्याण्णवचा एक, दोन महायुद्धांतले तीन, एक काका, एक चुलतभाऊ.

“तुम्ही यादीत नाही, काका.”

“नाही.”

“पण तुम्ही तर समुद्रावर...”

“सात वर्षं होतो. सगळं गाव भरलं मी त्यात. मला कधी टाकलं नाही. टाकलं असतं, तर कोणीतरी विचारलं असतं ना, शेवटच्या सफरीवर हा कुठे होता.”

मारिट तिच्या खुर्चीतून उठली. लुब्बर्ट तिथे बसला. चष्मा चढवला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्याने नव्या माणसाची नोंद भरली. नाव. जन्म १९४७. हुद्दा, खलाशी. जहाज, नोर्डस्टर. सफरींची यादी उघडली तेव्हा त्याने एकेका सफरीपुढे खूण केली. तारखा त्याला बघाव्या लागल्या नाहीत. शेवटच्या सफरीपाशी मारिटने विचारले, “ही?”

“ही नाही,” तो म्हणाला. “हिच्यावर मी नव्हतो.”

त्याने जतन केले. मग मेइंडर्टच्या पानावर परत जाऊन त्या रिकाम्या चौकटीत स्वतःचे नाव निवडले आणि पुन्हा जतन केले. दोन्ही हात टेबलावर ठेवून तो बसून राहिला.

“आईला तू नाही म्हणालास,” हिल्का म्हणाली.

“हो.”

“तिला काय सांगायला हवं होतंस ते आता मला सांग. तिला सांगितलं असतंस तसं. पहाटेपासून. तो काय बोलला ते शब्द न् शब्द सांग. तुझं रडणं नको मला, वीरमा. फक्त त्याचं सांग.”

खाली दारावरची घंटी वाजली. कोणीतरी आत आले होते. हिल्का जागची हलली नाही. घंटी पुन्हा वाजली तेव्हा मारिट दोघांच्या मधून वाट काढत जिन्याकडे गेली, आणि बाहेर पडताना तिने दार ओढून घेतले.

खिडकीशी एक जर्मन जोडपे उभे होते, छत्र्या झटकत. मारिटला तिकिटे कुठे असतात ते शोधावे लागले.

“वर काय आहे?” बाईने विचारले.

“नोंदी. इथल्या माणसांच्या.”

“बघता येतील?”

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज, हळू, अडखळत. तो थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

“येतील,” मारिट म्हणाली. “पण आधी खालचं बघून घ्या. सावकाश बघा.”